ऑफिसचं काम वेळेत होतं, पण स्वतःसाठी ठरवलेलं एकही काम पुढे सरकत नाही. प्रेरणा कुठून आणायची?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात तुमच्यामुळे काही अडत नाही, पण नवी भाषा, व्यायाम, कधीची डोक्यात असलेली कथा यातलं काहीच सुरू होत नाही, झालंच तर टिकत नाही. पहाटे पाचला उठायची सवय लावू का, असंही विचारलंय. आणि शेवटी, घरचे म्हणतात 'तुझ्यात इच्छाशक्तीच नाही'. त्या शेवटच्या वाक्यासाठी मी लिहायला बसले. माझा दादा वर्षानुवर्षं मला हेच ऐकवत आलाय. त्यामुळे हे उत्तर निम्मं तुम्हाला आहे, निम्मं त्याला.

इच्छाशक्ती नसलेल्या माणसाचं ऑफिसचं काम तरी वेळेत कसं होईल? मी लेखापरीक्षणात आहे. वर्षअखेरीला रात्री उशिरापर्यंत बसून फायली संपवते, तारीख चुकवत नाही. त्याच काळात घरी कपाटावर जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक सहा इंची काच पडून होती. तिचा मला दुर्बिणीसाठी आरसा करायचा होता. इच्छाशक्ती सकाळी दहाला अंगात येते आणि संध्याकाळी सहाला निघून जाते, असं दादाला म्हणायचं असेल तर म्हणो बापडा.

आरसा घासायचा म्हणजे दोन जाड काचा घ्यायच्या. खालची पक्की बसवायची, वरचीचा आरसा होणार. मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची, म्हणजे काचेहून कठीण अशा पदार्थाची, पूड. वरची काच पुढे-मागे ढकलायची, मध्येच थोडी फिरवायची, आपणही टेबलाभोवती थोडं सरकायचं. हळूहळू वरची काच मध्ये खोल होते आणि खालची फुगते. माझ्या आरशाला ४८ इंच नाभीय अंतर हवं होतं, म्हणजे दूरच्या ताऱ्याचा प्रकाश आरशापासून तेवढ्या अंतरावर एका बिंदूत यायला हवा होता. त्यासाठी मध्यभागी लागणारी खोली जेमतेम १.२ मिलिमीटर, पण ती हातांनी आणायची. सुरुवातीची ८० नंबरची पूड खरखरत काच खाते, आवाज बारीक होत गेला की पूड झिजली असं समजायचं आणि नवी टाकायची. पूड टाकल्यापासून ती झिजेपर्यंतच्या एका फेरीला घासणारे लोक 'वेट' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल. मग क्रमाने बारीक पुडी. प्रत्येक पुडीनंतर टेबल, बादली, नखं, बाह्या सगळं धुवायचं, कारण आधीच्या पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो.

हे सगळं मी झपाट्याने केलं. भेटेल त्याला सांगत सुटले होते, दुर्बीण बनवतेय. लोक 'वा वा' म्हणत होते. आणि पॉलिशपाशी येऊन थांबले.

पॉलिशसाठी पिच, म्हणजे डांबरासारखा चिकट पदार्थ, वितळवून खालच्या काचेवर ओतायचं, त्यात चौकोनी खाचा पाडायच्या आणि सेरियम ऑक्साइड या पॉलिशच्या बारीक पुडीने घासायचं. उन्हाळ्यात मी म्हणायचे, आता पिच मऊ पडेल. थंडीत म्हणायचे, कडक होईल. दोन्ही खरं आहे, म्हणून तर निमित्त म्हणून झकास. दादाचा फोन आला की पहिला प्रश्न, "झाली का गं तुझी दुर्बीण?" आणि मग शिस्त, निर्धार, मनावर घेणं. वर एखादा प्रेरणादायी व्हिडिओ. मी ते बघायचेसुद्धा. बघून झाल्यावर इतकं छान वाटायचं की आता काही करायची गरजच उरायची नाही.

खरी अडचण पिचची नव्हती. पॉलिशनंतर येते फुकोची चाचणी. लेऑं फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५८ साली काढलेली ही पद्धत फारच साधी आहे: आरशासमोर, माझ्या मापाला सुमारे आठ फुटांवर, एक बारीक दिवा आणि ब्लेडची धार ठेवायची, परत येणारा प्रकाश ब्लेडने कापायचा आणि आरशावर पडणाऱ्या सावल्या बघायच्या. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी चूकही तिथे उघडी पडते. काच कपाटावर होती तोवर मी दुर्बीण बनवणारी बाई होते. चाचणी केली की मी चांगला किंवा वाईट आरसा बनवणारी बाई होणार होते. ऑफिसच्या फायलीला हे लागू नाही, कारण त्या फायलीत मी कोण आहे याचा निकाल लागत नाही. तुमची ती कथा अजून उतरत का नाही, त्याचं उत्तर मला वाटतं इथेच आहे.

हे माझ्या मनचं नाही. फ्युशिया सिरोइस आणि टिमोथी पिचल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली चालढकलीबद्दल हेच मांडलं: माणूस काम टाळतो ते त्या कामाने मनात उठणारी नकोशी भावना टाळण्यासाठी, आत्तापुरतं बरं वाटावं म्हणून. वेळेचं नियोजन ही त्यातली दुय्यम गोष्ट. म्हणून नवी डायरी, नवं ॲप, रंगीत वेळापत्रक यांनी काही होत नाही. वेळापत्रक सुंदर होतं आणि भीती जिथल्या तिथे राहते.

आता वादाचा मुद्दा. एकदा दादा आमच्याकडे राहायला आला होता. काहीतरी शोधताना त्याने कपाटावरून ती काच काढली, टॉवेल सोडला आणि चार माणसांत म्हणाला, "अगं, देऊन टाक कोणालातरी. तुझ्याच्याने नाही व्हायचं." पुढे आरसा पूर्ण झाला. तेव्हापासून दादा प्रत्येक समारंभात सांगतो, "मी बोललो, तिला लागलं, म्हणून झालं."

साफ खोटं. लागलं मला, नक्कीच लागलं. पण तो राग रात्री झोपेपर्यंत टिकला. दुसऱ्या दिवशी मी काच घासायला घेतली नाही, त्या आठवड्यातही नाही. फक्त एक झालं: काच परत कपाटावर गेली नाही. दादाने ती टेबलावर ठेवली होती, ती तिथेच राहिली. रोज जाता-येता दिसायला लागली, पुसताना हातात यायला लागली. मग एका रविवारी पिच ओतून टाकलं, कारण टेबलाचा निम्मा भाग तसाही तिनेच अडवला होता. त्यानंतर सेरियमची बाटली, ब्रश आणि ओलं फडकं कायम तिथेच ठेवलं. नियम एकच केला: रात्रीची भांडी आवरली की एक वेट. आरसा पूर्ण करायचा नाही, चांगला करायचा नाही, एक वेट घासायचा आणि झाकून ठेवायचं. बऱ्याचदा एकाचे तीन व्हायचे. नाही झाले तरी त्या दिवसाचं काम झालेलं असायचं.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने अशा 'अमुक झालं की तमुक करायचं' ठरावांवर बरंच काम केलंय. २००६ साली त्याने आणि पॅस्कल शीरन यांनी ९४ अभ्यास एकत्र तपासले, तर नुसतं ध्येय ठरवण्यापेक्षा केव्हा, कुठे, काय हे आधीच बांधून टाकण्याचा चांगला ठळक फायदा दिसला. 'रोज लिहायचं' हा संकल्प झाला. 'भांडी आवरली की याच टेबलावर एक परिच्छेद' असं म्हटलं तर त्यात त्या क्षणी ठरवायला काही उरत नाही, आणि आपण निसटतो ते नेमके त्या ठरवण्याच्या फटीतून. २००९ साली गोल्विट्झरच्याच गटाने असंही दाखवलं की आपण कोण होणार हे चारचौघांत जाहीर केलं आणि त्यांनी त्याची दखल घेतली की हातून प्रत्यक्ष काम कमी होतं. माझ्या 'वा वा' गोळा करण्याचं इथे उत्तर मिळालं. तेव्हा कथा लिहिताय हे कोणाला सांगू नका.

तुमचं ऑफिसचं काम का होतं, त्याचं उरलेलं कारण म्हणजे तिथे मधल्या तारखा दुसरं कोणीतरी लावतं. २००२ साली डॅन एरिएली आणि क्लाऊस वेर्टनब्रोख यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, स्वतः लावलेल्या मुदतींचा उपयोग झाला, पण बाहेरून समान अंतराने लावलेल्या मुदतींएवढा नाही. म्हणून भाषेसाठी वर्ग लावा, जिथे कोणीतरी गृहपाठ मागेल. एकट्याने पुस्तक घेऊन बसू नका.

चाचणीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. ब्लेड सरकवलं आणि आरशाच्या कडेला बारीक रेघ दिसली. कड पडलेली होती, म्हणजे काठाजवळ काच जरा जास्त झिजली होती. नवख्यांकडून हमखास होतं. इतकी वर्षं ज्या निकालाला घाबरले तो निकाल म्हणजे 'हात थोडा आखूड चालवा' एवढी सूचना निघाली. तसं केलं, बरीच सुधारली. आरसा उत्तम नाही, पण शनीची कडी दिसतात. दादाने पाहिली आणि म्हणाला, "बघ, मी बोललो म्हणून."

टोचून बोलण्यावर माझा राग व्यक्तिगत आहे हे मान्य, पण २०१० साली वोल, पिचल आणि बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिलं की पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. दादा, हे नीट वाच.

आता जे आधी सांगायला हवं होतं. पूर्वी आवडणारं काहीच करावंसं वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, किंवा लहानपणापासून कुठल्याच गोष्टीवर लक्ष टिकत नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्य किंवा एडीएचडी असेल तर टेबलावर काच ठेवून भागत नाही. काही जण खरोखरच टोमण्यावर पेटून उठतात, दादा स्वतः तसाच आहे. आणि राहिलेल्या गोष्टींपैकी काही मुळात दुसऱ्याच्या हौसेच्या असतात. मी गिटार अशीच सोडली, आणि आजवर तिची एकदाही आठवण आलेली नाही. तुमच्या यादीतलं व्यायाम तेवढं सोडू नका, बाकीच्यांबद्दल एकदा स्वतःला विचारा.

पहाटे पाचचं म्हणाल तर लवकर झोपत असाल तर उठा. मी आठच्या आधी कुणाशी बोलतही नाही. दादा पाचला उठतो आणि साडेपाचला मला सुप्रभात पाठवतो.