पोट दाबू नका, श्वास द्या

प्रश्न : पोहण्याच्या तलावात माझा नऊ वर्षांचा पुतण्या बुडाला. बाहेर काढल्यावर कुणी म्हणे पालथं घालून पोट दाबा, कुणी म्हणे उलटं धरा. जीवरक्षकाने कुणाचंच न ऐकता तोंडाने श्वास दिला. मुलगा वाचला. पण पाणी आतच राहिलं नसेल ना? तासाभरात हसायला लागलेल्या मुलाला रात्रभर ठेवून घेतलं, आणि अँटिबायोटिक मात्र दिलं नाही, ते का?

उत्तर : आधी त्या जीवरक्षकाला माझा नमस्कार सांगा. भोवती गलका चाललेला असताना योग्य तेच करत राहणं सोपं नसतं.

फुप्फुसात पाणी आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी जातं. माणूस दगावतो तो प्राणवायू न मिळाल्याने. पोट दाबून निघतं ते जठरातलं पाणी, आणि उलटी होऊन तेच श्वासनलिकेत उतरलं तर नवं संकट. म्हणून बेशुद्ध माणूस श्वास घेत नसेल, किंवा नुसते आचके देत असेल, तर डोकं मागे झुकवून हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि पाच श्वास द्या. काही ठिकाणी दोन शिकवतात, तेही चालेल. छाती वर येताना दिसली पाहिजे. मग छातीवर 30 दाब, 2 श्वास, पुन्हा 30. दाबाचा वेग मिनिटाला 100 ते 120. हृदयविकारात नुसत्या दाबांवर भागतं, इथे नाही. तोंडातून फेस येतो, तो पुसत बसू नका. रुग्णवाहिकेला दुसऱ्या कुणाला तरी फोन करायला लावा.

आता रात्रभर ठेवण्याचं. फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या उघड्या ठेवणारा एक पातळ थर असतो. पाण्याने तो बिघडला की पिशव्या मिटू लागतात. हे काही तासांत वाढू शकतं, सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असला तरी. म्हणून निदान 4 ते 8 तास रक्तातला प्राणवायू आणि श्वासाचा वेग पाहत राहतात. ठणठणीत मूल आठवड्याने अचानक ‘कोरडं बुडून’ जातं, हे मोबाइलवर फिरणारं प्रकरण मात्र सोडून द्या. घरी आल्यावर खोकला वाढला, धाप लागली किंवा मूल सुस्तावलं, तर लगेच परत न्यायचं.

अँटिबायोटिकचं म्हणाल, तर संसर्गाची चिन्हं नसताना ते सहसा देत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं.