वाचकांचे प्रश्न : मॉन्टगोमेरीचा बसबहिष्कार चालला कसा?

प्रश्न : अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरात बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला दिली नाही म्हणून कृष्णवर्णीय रोझा पार्क्स यांना गुरुवारी, १ डिसेंबर १९५५ रोजी अटक झाली आणि सोमवारी शहरभर कृष्णवर्णीयांचा बसबहिष्कार सुरू झाला. एवढ्या लवकर निरोप कसा पोहोचला?

उत्तर : कारण तयारी आधीच झालेली होती. दमलेली बाई जागेवरून उठली नाही आणि चळवळ पेटली, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांना सोयीची असली तरी पार्क्स नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीच्या शाखेत वर्षानुवर्षे काम करत होत्या. शिवाय वुमेन्स पोलिटिकल कौन्सिल ही कृष्णवर्णीय स्त्रियांची संघटना होतीच. तिच्या अध्यक्षा जो ॲन रॉबिन्सन यांनी मे १९५४मध्येच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराची शक्यता कळवली होती.

पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री रॉबिन्सन यांनी आपल्या कॉलेजातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर पत्रके काढली. एका कागदावर मजकूर तीनदा छापायचा आणि कागद कापायचा, म्हणजे तेवढ्याच कागदात तिप्पट पत्रके. मागणी एकच : सोमवारी बसमध्ये चढू नका. एका दिवसाला ‘हो’ म्हणणे कुणालाही जड नव्हते. शुक्रवारी शाळा, दुकाने, सलून यांतून पत्रके फिरली, रविवारी चर्चमधून घोषणा झाली. गोऱ्यांच्या स्थानिक दैनिकाने बातमी छापून उरलेल्यांनाही कळवले.

प्रश्न : एका दिवसाचा बहिष्कार पुढे वर्षभर लांबला. तेवढा काळ लोक कामावर कसे जात?

उत्तर : सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाले बसच्याच दरात, १० सेंटमध्ये, नेत. शहराने ४५ सेंटच्या किमान भाड्याचा नियम पुढे केला आणि ती सोय संपली. मग लुइझियाना राज्यातल्या बॅटन रूज शहरातल्या १९५३च्या बसबहिष्काराचा अनुभव असलेल्या रेव्हरंड जेमिसन यांना विचारून खासगी गाड्यांची साखळी उभारली गेली. सुमारे ३०० गाड्या, वस्त्यांमध्ये सकाळचे थांबे, संध्याकाळी परतीचे वेगळे. शहराचे रस्ते पाठ असलेल्या टपाल कर्मचाऱ्यांनी मार्ग आखून दिले. इथे खरी मेख भाड्याची. ते घेतले की गाडी विनापरवाना टॅक्सी ठरणार! म्हणून पेट्रोल देणग्यांतून.

पोलीस क्षुल्लक कारणांवरून दंड करत. ताशी २५ मैलांची वेगमर्यादा असताना ३०च्या वेगाने गाडी चालवली म्हणून बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली. त्याहून घातक घाव विम्याचा. चर्चच्या नावावर घेतलेल्या स्टेशन वॅगनचा विमा रद्द होऊ लागला. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढता येईना. शेवटी लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराकडून तो मिळाला.

पैसा सोमवारी आणि गुरुवारी चर्चमध्ये होणाऱ्या बहिष्काराच्या सभांत जमे. जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या मैत्रिणी जेवण आणि केकसारखे गोड पदार्थ विकून रोख रक्कम आणत. गटाचे नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, कारण पैसे देणाऱ्यांची नावे फुटली तर गोऱ्यांच्या घरची नोकरी जाण्याची भीती.

१३ नोव्हेंबर १९५६ रोजी स्थानिक न्यायालयाने गाड्यांच्या साखळीवर बंदी घातली. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने बसमधले वर्णविभाजन बेकायदा ठरवले, पण आदेशाची प्रत २० डिसेंबरला पोहोचली. मधले पाच आठवडे लोक पायी गेले किंवा शेजाऱ्यांच्या गाडीतून. याच काळात चर्चमध्ये खुर्च्या बससारख्या मांडून तालमी चालल्या. कुणी चालक, कुणी शिव्या देणारा गोरा प्रवासी व्हायचे, आणि बाकीच्यांनी उलट हात न उगारता बसून राहायचे.