आधी शाळेत घाला, मग हवं तर काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नवऱ्याला एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, टेक्सासमध्ये डॅलसजवळ फ्रिस्कोला पाठवतायत, तुम्ही आणि मुलगा एच-फोरवर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर येणार. मुलगा नाशिकला मराठी शाळेत पाचवीला, बुजरा, इंग्रजी बोलायची वेळ आली की गप्प बसणारा. तिथल्या सरकारी शाळेत घालून त्याची फरफट करण्यापेक्षा पहिल्या दिवसापासून घरीच शिकवलं तर चालेल का, आणि त्याला परवानगी कोणाची लागते?

परवानगीचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. कोणाचीच लागत नाही. टेक्सासमध्ये घरची शाळा कायद्याच्या हिशेबाने खाजगी शाळाच धरली जाते. १९९४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने लीपर खटल्यात हे पक्कं केलं. नोंदणी नाही, वार्षिक परीक्षा नाही, घरी तपासायला कोणी येत नाही. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि नागरिकशास्त्र एवढे पाच विषय, डोळ्यांनी दिसेल अशा अभ्यासक्रमातून, प्रामाणिकपणे शिकवायचे. या यादीत विज्ञान नाही हे ऐकून माझे सासरे हबकलेच होते. हे सगळं फक्त टेक्सासचं, बरं का. न्यूयॉर्कला बदली झाली तर शिकवण्याचा आराखडा, दर तिमाहीला अहवाल आणि वर्षाच्या शेवटी मूल्यमापन, सगळं द्यावं लागतं. पेनसिल्व्हेनियात प्रतिज्ञापत्र आणि वर्षभराच्या कामाची फाइल. कॅलिफोर्नियात ऑक्टोबरमध्ये एक प्रतिज्ञापत्र भरायचं. आणि जर्मनीला गेलात तर विषयच संपला, तिथे मुलाने शाळेत जाणं सक्तीचं आहे.

पण कायदा सोपा आहे म्हणून लगेच घरी बसवू नका. आधी एक वर्ष शाळेत घालाच, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळा फुकट असते आणि व्हिसा कोणता ते विचारत नाहीत. नाव घालताना एक कागद देतात: घरी कोणती भाषा बोलता? आपल्याकडची निम्मी मंडळी घाबरून तिथे ‘इंग्रजी’ लिहितात, पोराला मागे बसवतील म्हणून. तुम्ही ‘मराठी’ लिहा. मग त्याची इंग्रजीची चाचणी होते आणि गरज असेल तर इंग्रजी शिकवायला वेगळी मदत मिळते, एक पैसा न देता. बुजऱ्या मुलाला हीच मदत सगळ्यात जास्त लागते, आणि घरी बसवलंत की तीच पहिल्यांदा जाते. बोलण्यात अडखळत असेल, स्पीच थेरपीसारखं काही लागत असेल, तरीही तेच. शाळेत असताना त्या सेवांवर मुलाचा हक्क असतो. बाहेर पडलात की तो हक्क तसा राहत नाही.

दुसरं कारण जरा टोचेल. एच-फोरवर आलेल्या, तिकडे चांगली नोकरी करणाऱ्या बायकांचं इथे पहिल्या वर्षी काय होतं ते मी जवळून पाहिलंय. नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर होईपर्यंत साधारण कामाची परवानगी नाही. दिवस खायला उठतो. मग ‘मुलाला घरी शिकवते’ हा विचार फार गोड वाटायला लागतो. तो मुलासाठी आहे की आपल्यासाठी, हे स्वतःला विचारा. आणि लायसन्स हातात येईपर्यंत तर नाहीच. फ्रिस्कोत चालत जाण्यासारखं काही नाही. आईला गाडी चालवता येत नसेल तर घरची शाळा म्हणजे दोघांना नजरकैद. उन्हाळ्यात तर दुपारी खाली उतरायचीही सोय नाही.

एक वर्षानंतरही काढावंसं वाटलं तर कसं काढायचं, ते नीट वाचा. आम्ही लेकीला चौथीनंतर काढलं. ती वाचनात बरीच पुढे होती आणि वर्गात राज्याच्या स्टार परीक्षेचीच तयारी चालायची, त्याला कंटाळली होती. आधी घरी ठेवायचं आणि मग कळवायचं, असं करू नका. सहा महिन्यांत दहा गैरहजेऱ्या विनाकारण झाल्या की प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकतं. आधी शाळेला पत्र. त्यात मुलाचं नाव, इयत्ता, आणि ‘अमुक तारखेपासून आम्ही त्याला घरी शिकवणार आहोत’ एवढंच. खाली सही आणि तारीख. ई-मेल करा, शिवाय कागदी प्रत नेऊन पोच घ्या. ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, अभ्यासक्रम दाखवा. मी हसून म्हटलं, आम्ही अभ्यासक्रमानुसार शिकवू असं लेखी देते, पुस्तकं दाखवत नाही. त्यांनी मान डोलावून कागद घेतला. वाद घालायची गरज पडत नाही. पण त्यांना लागतं तेवढंच द्यायचं.

वेळ शाळेइतका लागत नाही. सकाळी तीन-साडेतीन तासांत पाचवीचं पोर मोकळं होतं. बाकी दिवस तुम्हाला भरायचा असतो. तिथे को-ऑप येतात, म्हणजे चार-पाच घरांनी एकत्र येऊन वाटून शिकवणं. टेक्सासमध्ये यातले बरेचसे चर्चशी जोडलेले असतात. काहींत श्रद्धेच्या कागदावर सही मागतात, काहींच्या विज्ञानाच्या पुस्तकात पृथ्वीचं वय काही हजार वर्षं असतं. माणसं प्रेमळ असतात, डबे आणतात, आजारपणात धावून येतात. पण पुस्तक विकत घेण्याआधी चाळा. धर्माशी संबंध नसलेले गटही आहेत, शोधावे लागतात. शहरातल्या वाचनालयात दिवसा घरी शिकणाऱ्या मुलांसाठी कार्यक्रम असतात, तिथून सुरुवात करा. आणि एक धोक्याची सूचना: को-ऑपमध्ये तुम्ही फार छान गणित शिकवता म्हणून कोणी पैसे देऊ केले तर घेऊ नका. स्वतःच्या मुलाला शिकवणं हे काम धरत नाहीत, दुसऱ्याच्या मुलाला पैसे घेऊन शिकवणं हे धरतात, आणि परवानगी नसताना ते व्हिसाच्या मुळावर येतं.

आता खरा मुद्दा. आपण इथे किती दिवस राहणार हे आपल्या हातात नाही. एच-वन-बीवाल्याची नोकरी गेली की जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्यात दुसरी नोकरी, नाहीतर गाशा गुंडाळायचा. म्हणून मुलगा उद्या कुठल्याही शाळेच्या दारात उभा राहू शकेल अशी कागदपत्रं रोज तयार होत गेली पाहिजेत. राज्य मागत नसलं तरी मी फाइल ठेवली: तारीख, काय शिकवलं, पुस्तकाची पानं, दर महिन्याचा एक निबंध आणि एक गणिताचा पेपर तिच्याच अक्षरात. सातवीला ती परत सरकारी शाळेत गेली तेव्हा शाळेने चाचणी घेतली, फाइल उलटून पाहिली आणि योग्य वर्गात बसवलं. नववीपासून मात्र श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) हिशेब सुरू होतो. घरी शिकलेलं त्यात धरायला शाळांचा जिल्हा, म्हणजे तिथल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था, परीक्षा मागतो, म्हणून त्या आधी परतलेलं बरं.

नाशिकला परतायची वेळ आली तर? आठवीपर्यंत शाळा वयानुसार घेतात, फार अडत नाही. दहावीच्या तोंडाशी आलात तर दोन वाटा: राष्ट्रीय मुक्त विद्यालय, जिथे दहावीला चौदा वर्षं पूर्ण असली की बसता येतं, किंवा राज्य मंडळाच्या परीक्षेला बाहेरून बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म. तो भरताना शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. हरवला तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र करत बसा. म्हणजे नाशिकच्या शाळेतून निघताना तो दाखला हातात घ्या आणि इथल्या शाळेला फक्त झेरॉक्स द्या. पुढे महाराष्ट्रात इंजिनिअरिंग-मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते, हेही आत्ताच लक्षात असू द्या. मराठी सुटू नये म्हणून बालभारतीची पुस्तकं घेऊन या. इथे महाराष्ट्र मंडळाची रविवारची मराठी शाळा आहे, पण ती आठवड्यातून एकदाच.

बॅगेत आणखी: जन्मदाखला, गेल्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि लसींचं कार्ड. कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए या लसी आपल्या सरकारी वेळापत्रकात नसतात, इथली शाळा मागते; तिथेच टोचून घ्या, दोन डोसांमध्ये महिने जातात, उशिरा सुरू केलंत तर दुसरा डोस इथे घ्यावा लागेल. शाळा ऑगस्टच्या मध्याला सुरू होते. १ सप्टेंबरला मुलाला किती वर्षं पूर्ण होतात ते कळवा, म्हणजे तो पाचवीत बसेल की सहावीत ते सांगते. सहावी म्हणजे बऱ्याच ठिकाणी वेगळी इमारत, दर तासाला वर्ग बदलायचा; बुजऱ्या मुलासाठी तो फरक मोठा आहे.