पाँटून बोट समजून घेताना
अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात १९५२ साली पोलादी पिंपांवर लाकडी फळ्यांचा तळ बसवून प्रथम घडवलेल्या या प्रकारच्या बोटीत आज पिंपांच्या जागी ॲल्युमिनियमच्या दोन हवाबंद नळ्या असतात, आणि पाँटून म्हणजे याच नळ्या. नळीच्या आत वेगवेगळे कप्पे आहेत का, हे आवर्जून विचारा. एका कप्प्यात पाणी शिरले, तरी बाकीचे कप्पे बोट तरंगती ठेवतात. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड केल्यावर डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. रात्री पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा दिवा असतो. मात्र माझा कळकळीचा आग्रह बोटीच्या कठड्यातल्या पुढच्या फाटकाविषयी आहे: बोट चालू असताना फाटकापुढच्या डेकवर पाय सोडून कोणालाही, विशेषतः मुलांना, बसू देऊ नका, कारण तेथून घसरलेले माणूस बोटीखाली जाऊन थेट प्रॉपेलरच्या पात्यांपर्यंत पोहोचू शकते.