वस्तीचा आराखडा आणि रहिवाशांचे म्हणणे

प्रश्न : आमच्या वस्तीची सुधारणा होणार आहे. रहिवाशांचे मत केव्हा घेतले जावे?

उत्तर : नकाशा पक्का होण्यापूर्वी; त्यानंतरची सभा बहुधा सह्यांपुरतीच उरते. पुण्यात येरवड्याला, केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानातून कच्ची घरे जागच्या जागी पक्की बांधताना, ‘महिला मिलन’ या वस्त्यांतील महिला बचत गटांच्या संघटनेतल्या स्त्रिया सर्वेक्षणापासूनच कामात होत्या आणि २७० चौरस फुटांच्या घरात मोरी कुठे, ओटा कुठे, याची चर्चा वास्तुरचनाकारांनी कुटुंबांशी केली, खर्चाचा सुमारे १० टक्के वाटा रहिवाशांचा होता. तुम्हीही प्रथम मोजणीची यादी मागा, तीत भाडेकरूंची नावे आहेत का हे पाहा (तीच हमखास गळतात), आणि सभा दुपारी नव्हे, लोक कामावरून परतल्यावर रात्रीच ठेवायला लावा.