उत्पन्न वाढलं की पर्यावरण आपोआप सुधारतं का? आपल्या सांगलीकडे काय दिसतं?

आपोआप नाही, पैसा कुणाकडे जातो आणि नुकसान कुणाच्या रानात साचतं, यावर बरंच ठरतं. आधी प्रदूषण वाढतं, मग श्रीमंतीबरोबर घटतं, हा ‘पर्यावरणीय कुझनेट्स वक्र’ ग्रॉसमन आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांच्या १९९१ च्या अभ्यासातून पुढे आला. पण त्यात सल्फर डायऑक्साइड आणि धूर होता, म्हणजे लोकांना जाचणारं, लगेच ओरड होणारं प्रदूषण. कार्बन डायऑक्साइडला तो नीटसा लागू पडत नाही, जमिनीचं तर विचारूच नका.

वाळवा, पलूस, मिरज पट्ट्यात उसानं पैसा आला, पण पाटानं भरमसाट पाणी देऊन सखल रानं क्षारपड झाली. वर मीठ फुटतं, खाली पाणी तुंबतं, ऊस पिवळा पडतो. उपाय आहे: जमिनीखाली छिद्रांचे पाइप टाकून निचरा. मात्र ते पाणी ओढ्यापर्यंत नेणारी लाइन शेजाऱ्यांच्या रानांतून जाते. दोन एकरवाल्याला एकट्यानं ना खर्च झेपतो, ना वरच्या बागायतदाराचं पाणी कमी करता येतं.

विषमता वाढली की ऱ्हास वाढतोच, असं मात्र नाही. देशोदेशीच्या अभ्यासांचे निष्कर्ष यावर जुळत नाहीत.