वजन पुन्हा वाढले, तर दुसरी शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न : माझे वय ४४ वर्षे आणि उंची १५८ सेंटीमीटर आहे. सहा वर्षांपूर्वी माझी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (वजन घटवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया) झाली. तेव्हा ११८ किलो असलेले वजन दीड वर्षात ७६ किलोवर आले, पण नंतर वाढत वाढत आता ९४ किलो झाले आहे. रात्री आडवे पडताच घशाशी आंबट पाणी येते आणि नियमित गोळ्या घेऊनही छातीत जळजळते. डॉक्टरांनी आता जठराचे बायपास सुचवले आहे. घरचे विचारतात, पहिल्या शस्त्रक्रियेने काय मिळाले? माझेच काही चुकले का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याचे ओझे मनावर ठेवून कोणताही निर्णय नीट घेता येत नाही. स्थूलता हा दीर्घकालीन आजार आहे. वजन घटल्यावर शरीर भूक वाढवून आणि ऊर्जेचा खर्च कमी करून ते परत मिळवू पाहते. शिवाय स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढला, तरी उरलेली नळी काही वर्षांत सैलावू शकते. थोडे वजन परत येणे बहुतेकांच्या बाबतीत घडते. आजही तुमचे वजन पूर्वीपेक्षा २४ किलोंनी कमी आहे, हे घरच्यांना अवश्य सांगा.

तुमच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांचे महत्त्व सारखे नाही. केवळ किलो वाढले म्हणून फेरशस्त्रक्रियेकडे वळण्याआधी मी बराच विचार करायला सांगेन. पण गोळ्यांना न जुमानणारे आम्ल हे त्यासाठीचे अधिक सबळ कारण आहे. स्लीव्हनंतर जठर अरुंद नळीसारखे होते, त्यातला दाब वाढतो आणि आम्ल अन्ननलिकेत चढते. बायपासमध्ये वर लहानशी पिशवी ठेवून तिला आतड्याचा भाग जोडतात, त्यामुळे खालच्या जठरातले आम्ल आणि पित्त वर येण्याची वाट बरीचशी बंद होते. वजन मात्र पहिल्या वेळेइतके उतरत नाही. ७६ किलोचा आकडा मनात धरून ऑपरेशन टेबलवर जाऊ नका.

निर्णयापूर्वी एंडोस्कोपी झालीच पाहिजे. अन्ननलिकेच्या अस्तरात जखमा किंवा बदल आहेत का, हायेटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे) आहे का, हे तीत दिसते. नळी कुठे अरुंद झाली आहे, पिळली गेली आहे की फुगली आहे, हे बेरियमच्या एक्स-रेवरून कळते. रक्तात लोह, बी १२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, साखर आणि थायरॉइड तपासावे. स्टेरॉइडसारखी वजन वाढवणारी औषधे चालू आहेत का, हेही पाहावे लागते. आहारतज्ज्ञांना खरे काय खाता-पिता ते मोकळेपणाने सांगा. गोड पेये आणि मऊ गोड पदार्थ अरुंद जठरातूनही सहज उतरतात.

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही भूक कमी करणारी औषधे शस्त्रक्रियेनंतर परत आलेल्या वजनासाठीही वापरली जातात. फक्त वजनाचीच तक्रार असती, तर मी आधी त्यांचाच विचार करायला सांगितले असते. पण ती जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात, त्यामुळे तुमचे आम्ल त्यांनी आटोक्यात येईल अशी आशा धरता येत नाही.

धोक्यांबाबत स्पष्ट बोलणे माझे कर्तव्य आहे. पहिल्या शस्त्रक्रियेमुळे पोटात अवयव एकमेकांना चिकटलेले असतात आणि जठराचा रक्तपुरवठाही बदललेला असतो. म्हणून जठर-आतड्याच्या जोडातून गळती, रक्तस्राव आणि संसर्ग यांची शक्यता पहिल्या वेळेपेक्षा अधिक असते. बायपासनंतर धूम्रपान आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या यांमुळे जोडावर व्रण होऊ शकतो, तर जीवनसत्त्वे आणि खनिजे आयुष्यभर घ्यावी लागतात.

गिळताना अडकणे, रक्ताची उलटी किंवा काळी शौच यांपैकी काहीही झाले, तर तारखेची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालयात जा. तशी वेळ नसेल, तर जुन्या शस्त्रक्रियेचा सविस्तर अहवाल मिळवून तो फेरशस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या शल्यविशारदांपुढे ठेवा आणि त्यांना थेट विचारा : स्लीव्हचे बायपास तुम्ही किती वेळा केले आहे, आणि गुंतागुंत झाल्यास मध्यरात्री मला कोण पाहील?